नाव कुणाच्या खात्यात?



बारावीचे निकाल लागले की आपल्या कोल्हापुरात दोन महिने एकच प्रश्न फिरत असतो, "कुठं घेतलं?" भाजी घेताना, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडं तोच. 'काय घेतलं' असं फार थोड्या जणी विचारतात. उत्तरात मोठं नाव आलं की समोरचीचा चेहरा बदलतो, आणि जवळपासचं कॉलेज सांगितलं की "बरं झालं, घराजवळ आहे" असं म्हणून विषय संपतो. गेल्या पंधरा दिवसांत ओळखीच्या तिघींनी मला याच बाबतीत फोन केला, कारण गेल्या वर्षी आमच्या घरात हा प्रश्न तीन आठवडे मुक्कामाला होता. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी एक गैरसमज दूर करू. आपल्या पिढीला 'खासगी कॉलेज' म्हटलं की डोनेशन आठवतं. १९८३ साली वसंतदादांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं, तेव्हापासून हा शब्द आपल्या कानावर बसला. पण आता ज्या खासगी विद्यापीठांची नावं मुलं घेतात, त्यातल्या काहींचं तसं नाही. पिलानीचं बिट्स १९६४ पासून अभिमत विद्यापीठ आहे. गोव्यात २००४ पासून आणि हैदराबादला २००८ पासून त्यांचे कॅम्पस आहेत. त्यांची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, बारावीला तिन्ही विषयांत मिळून ७५ टक्के लागतात आणि मॅनेजमेंट कोटा नावाचा प्रकार नाही. हरियाणात सोनिपतला अशोका विद्यापीठ २०१४ पासून सुरू झालं, पुण्याजवळ लवळ्याला फ्लेम आहे. तिथं फी जबर असते, पण नुसते पैसे आहेत म्हणून प्रवेश मिळत नाही. तेव्हा मुलाला अशा ठिकाणी जागा मिळाली तर ती त्याची कमाई आहे, हे आधी मोकळेपणानं मान्य करायचं.

आमच्या नातीनं ती कमाई केली होती. गोव्याच्या बिट्सला तिला एम.एस्सी. केमिस्ट्रीला प्रवेश मिळत होता. दुसरीकडं राज्याच्या सीईटीच्या मार्कांवर सांगलीच्या वालचंद कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग मिळण्यासारखं होतं.

तुम्ही म्हणाल, मेकॅनिकल हवं असणारी मुलगी केमिस्ट्रीला कशाला जाईल? तर बिट्समध्ये दुहेरी पदवीची सोय आहे. एम.एस्सी.ला प्रवेश घ्यायचा, पहिल्या वर्षाच्या मार्कांवर इंजिनिअरिंगची एक शाखा मिळते आणि पाच वर्षांत दोन पदव्या घेऊन मूल बाहेर पडतं. पुष्कळ मुलं याच वाटेनं जातात आणि छान शिकतात. ज्याला विज्ञान आणि इंजिनिअरिंग दोन्ही मनापासून हवं, त्याच्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे.

आमच्या नातीचं तसं नव्हतं. तिच्या बाबांचं, म्हणजे माझ्या मुलाचं, शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग लेथवर चढवायचं आणि मापात आणून द्यायचं, हे आमच्या घराचं पोट. ही पोर शाळेतून आली की तिथंच बसायची. व्हर्नियरनं माप घ्यायला ती सहावीत शिकली. केमिस्ट्रीत तिला मार्क चांगले पडतात, पण मार्क पडणं वेगळं आणि गोडी असणं वेगळं.

तरीही प्रश्न सोपा नव्हता, कारण तिच्या बाबांना गोवा हवं होतं. आणि त्यामागं नुसती मिरवायची हौस असती तर मी हा लेख लिहिला नसता.

माझा मुलगा डिप्लोमा झालेला. पंचवीस वर्षं तो मोठ्या कंपन्यांच्या परचेस खात्याच्या बाहेर बाकावर बसत आला आहे. काम चोख, माल वेळेवर, पण आत बोलावल्यावर त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान साहेब त्याला खुर्ची न दाखवता रेट पाडून मागतो. एका रात्री जेवण झाल्यावर तो म्हणाला, "आई, मला काम येतं हे सिद्ध करायला प्रत्येक वेळी नमुना घेऊन जावं लागतं. त्या पोरांना नुसतं कॉलेजचं नाव सांगितलं की पुरतं. जे दार मला उघडलं नाही ते हिला उघडू दे."

यावर काय बोलणार? नाव म्हणजे पोकळ डौल, असं म्हणून हा माणूस गप्प बसणार नव्हता, आणि ते खरंही नव्हतं.

मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. नोकरी केली नाही, पण हिशेबाची सवय सुटली नाही. तेव्हा मी हे प्रकरण हिशेबाच्या वहीत घातलं. आम्हाला कॉलेजात 'ख्याती' शिकवली होती, म्हणजे गुडविल. दुकानाचं नाव, गिऱ्हाइकांचा विश्वास, त्याचं पैशातलं मोल. तिचा एक नियम मला फार आवडायचा. तुम्ही स्वतः वर्षानुवर्षं काम करून कमावलेली ख्याती ताळेबंदात दाखवता येत नाही. दुसऱ्याचा चालता धंदा विकत घेताना जास्तीची रक्कम मोजून जी ख्याती विकत घेतलेली असते, तेवढीच वहीत येते. आणि आम्हाला शिकवल्याप्रमाणे ती काही वर्षांत हप्त्याहप्त्यानं खर्ची टाकून संपवायची असते.

कॉलेजचं नाव ही अशीच विकत घेतलेली ख्याती आहे. ती खोटी नसते. पहिल्या नोकरीचं दार ती नक्की उघडते, कंपन्या कॅम्पसवर येतात, आधीच्या मुलांची ओळख लागते, वर्गात शेजारी हुशार मुलं बसतात. पण ती दरवर्षी थोडी थोडी खर्ची पडते. दहा वर्षांनी साहेब विचारतो ते, "तुम्ही काय काम केलंत?" तिथून पुढं चालते ती स्वतः कमावलेली ख्याती, जी वहीत दिसत नाही. माझ्या मुलाकडं ती भरपूर आहे. म्हणून तर तो परचेसचा साहेब चार वेळा बदलला, तरी त्या कंपनीनं आमचं काम दुसऱ्याला दिलं नाही.

मग मी नावाचे दोन भाग केले. एक भाग मुलीच्या खात्यात जमा होणारा: शिक्षक, प्रयोगशाळा, सोबतची मुलं, नोकरीची संधी. दुसरा भाग आपल्या खात्यात जमा होणारा: लग्नाच्या हॉलमधल्या भुवया, नातेवाइकांच्या ग्रुपवरचे अभिनंदनाचे मेसेज. तराजूत फक्त पहिला भाग घालायचा. दुसरा कितीही गोड असला तरी त्याची फी मुलीनं पाच वर्षं भरायची, हे काही बरोबर नाही.

आपल्याकडं दशलक्षण पर्वात दुसरा दिवस उत्तम मार्दवाचा असतो, मान सोडण्याचा. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितले आहेत. त्यात ज्ञानाचा मद पहिला आणि पूजेचा, म्हणजे लोकांकडून मिळणाऱ्या मानाचा, दुसरा. पूर्वी प्रवचनात ऐकताना वाटायचं, हे राजेमहाराजांसाठी असेल. कॉलेज प्रवेशाच्या दिवसांत कळतं की ही यादी आपल्याच हॉलमध्ये सोफ्यावर बसलेली आहे.

आता पैशाचा हिशेब. हा मी पाटीवर मांडला तसाच देते, कारण मला फोन करणाऱ्या तिघींपैकी एकीनंही तो मांडला नव्हता. बिट्ससारख्या ठिकाणी नुसती शिकवणी फीच वर्षाला पाच लाखांच्या वर जाते. समजा त्यातले दरवर्षी ४ लाख कर्जानं उभे केले, पाच वर्षांत २० लाख. व्याज १० टक्के धरू. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चढतच असतं. पहिल्या ४ लाखांवर सहा वर्षांचं, दुसऱ्यावर पाच, असं करत साध्या व्याजानंच ८ लाख होतात. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा डोक्यावर २८ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ३७,००० रुपये, एकूण ४४ लाखांच्या वर. तेच व्याज आपण दर महिन्याला भरत गेलो तर पुढचा हप्ता साधारण २६,४०० वर येतो आणि एकूण साडेचार लाखांहून जास्त वाचतात. मुलीच्या पहिल्या पगारातून ३७,००० गेले, तर तिला पहिली नोकरी आवडीची नाही, हप्त्याची निवडावी लागते. हे नावाच्या किमतीत धरायचं.

दोन सोयी लक्षात ठेवा. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्या यादीतल्या दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत ३ टक्के व्याजसवलत आहे. दुसरी सोय आपल्या राज्याची. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. पण अभिमत आणि खासगी विद्यापीठांना ती माफी लागू नाही. ज्यांच्या घरात ही माफी बसते, त्यांच्यासाठी दोन कॉलेजांमधला फरक केवढा होतो ते तुम्हीच मांडून बघा.

पैशानंतर राहणं-जेवणं. इथं काही जणी म्हणतील, एवढ्या मोठ्या निर्णयात जेवण कुठं आलं? मैत्रिणींनो, आपण कोल्हापूरकर आहोत, आपल्याला तरी हे सांगायला नको. राजाराम कॉलेज १८८० पासून होतं. कॉलेज उत्तम, पण खेड्यातल्या पोरानं शहरात राहायचं कुठं आणि खायचं काय? शाहू महाराजांनी नेमकं हे ओळखलं. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, त्याच काळात आपलं दिगंबर जैन बोर्डिंग, पुढं मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क, अशी रांगच लागली. वसतिगृहांची जननी म्हणतात ते आपल्या गावाला उगीच नाही. कॉलेजात जागा मिळणं आणि तिथं टिकून शिकता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या गावाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

म्हणून मी नातीला विचारलं, मेसमध्ये कंदमुळं नसलेलं ताट मिळेल का, सूर्यास्ताआधी जेवता येईल का? ती हसली. म्हणाली, "आजी, जेवणाचं मी बघते. चार दिवस दशम्या खाऊन राहीन. पाच वर्षं केमिस्ट्री खाऊन नाही राहता येणार." माझ्या प्रश्नाचं तिनं असं उत्तर दिलं, आणि तिच्या बाबांच्याही प्रश्नाचं.

पण आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. दोन्ही ठिकाणं प्रत्यक्ष बघून आलो. गोव्याचा कॅम्पस इतका देखणा की मलाच तिथं राहावंसं वाटलं. तिथल्या मुलांनी तिच्याशी मोकळेपणानं गप्पा मारल्या. हजेरीची सक्ती नाही, काय शिकायचं आणि कधी बसायचं ते स्वतः ठरवायचं, उद्योगांत जाऊन काम शिकण्याचे महिने अभ्यासक्रमातच धरलेले. माझ्या बहिणीचा नातू पिलानीला असाच फुलला. तो लहानपणापासून एकटा पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणारा, त्याला कुणी हाक मारलेली खपायची नाही. त्याला मोकळीक मिळाली आणि त्यानं तिचं सोनं केलं. त्याच्या बाबतीत नाव आणि जोड एकाच ठिकाणी होते, तिथं विचार कसला करायचा? आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले, कारण त्यांच्या गणिताला तीच जागा हवी होती. जिथं नाव आणि गरज एकत्र येतात तिथं कर्ज काढूनही पाठवावं, असं माझं मत आहे.

आमची नात निराळी. तिला हातात वस्तू लागते. चार माणसांत, आवाजात, तेलाच्या वासात तिचं डोकं चालतं. सांगलीला विश्रामबागेत वालचंदच्या आवारात आम्ही गेलो तेव्हा ती वर्कशॉपच्या दारात वीस मिनिटं उभी राहिली, तिथल्या मुलांना एकेका मशीनबद्दल विचारत. हे कॉलेज १९४७ चं, पुढं सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या नावानं ओळखलं गेलेलं. घरी येताना मी मुलाला म्हटलं, "नावच पाहिजे असेल तर आपल्याच समाजातल्या एवढ्या मोठ्या उद्योजकाचं नाव काय वाईट आहे?" तो गाडी चालवता चालवता हसला, पण बोलला नाही.

त्या रात्री मी त्याला डॉ. आ. ने. उपाध्ये यांची गोष्ट सांगितली. सदलग्याचे उपाध्ये सर १९३० पासून तीन दशकं राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत होते. मुंबई-पुण्याचा बोलबाला असताना हे कोल्हापुरात. इथंच बसून त्यांनी कुंदकुंदाचार्यांचा प्रवचनसार संपादित केला, तो १९३५ मध्ये दीर्घ इंग्रजी प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला, आणि जगभरचे प्राकृताचे अभ्यासक राजाराम कॉलेजचा पत्ता शिकले. कॉलेजनं त्यांना नाव दिलं, की त्यांनी कॉलेजला?

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण आई, सगळे काही उपाध्ये नसतात."

बरोबर बोलला तो. आणि म्हणूनच निर्णय आमच्या दोघांपैकी कुणी करायचा नव्हता. आम्ही कर्जाचा कागद, दोन्हीकडची फी, पाच वर्षं आणि चार वर्षं, सगळं तिच्यासमोर ठेवलं. बाबांची इच्छाही लपवली नाही, त्या बाकाची गोष्टसुद्धा त्यानं तिला स्वतः सांगितली. दोन दिवसांनी ती त्याला म्हणाली, "बाबा, ते दार मलाही उघडायचंय. पण आत गेल्यावर मला मशीनबद्दल बोलता आलं पाहिजे ना?" तिनं सांगली घेतली.

आता तिचं पहिलं वर्ष संपलंय. गोव्याला गेली असती तर काय मिळालं असतं, याचा आकडा माझ्या वहीत नाही. न घेतलेल्या वाटेचा नफा-तोटा कुठल्याच ताळेबंदात येत नाही. तुम्हीही आपल्या मुलांसाठी तो मांडत बसू नका, त्यात रात्री जातात.

त्याऐवजी प्रवेशाआधी हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि उत्तरं मुलाला लिहू द्या. विषय आवडीचा आहे का, की फक्त मिळतोय? कुणी पाठीशी लागलं नाही तर मूल स्वतः अभ्यासाला बसतं का? तिथं त्याच्यासारखी मुलं, त्याला जमेल असं राहणं आणि जेवण आहे का? कर्जाचा महिन्याचा हप्ता किती? आणि शेवटचा, जो आपल्यासाठी आहे: या कॉलेजचं नाव कुणालाही सांगायचं नाही असं ठरलं, तरीसुद्धा आपण तेच निवडू का?

शेवटच्या प्रश्नाला 'हो' आलं, तर बिनधास्त पाठवा, मग ते सोनिपत असो नाहीतर सांगली.

शनिवारी नात एसटीनं घरी येते आणि चहा घेऊन थेट शॉपवर जाते. परवा एका कास्टिंगला भोक पाडताना चीर का जातेय यावर बापलेकींचं तासभर वाजलं. दोघंही अंधार पडायच्या आत जेवायला आले नाहीत, म्हणून मी रागावले. आणि हो, मुलगा आता नव्या गिऱ्हाइकाला चहा देताना, त्यानं विचारलं नसलं तरी, सांगतो, "मुलगी मेकॅनिकलला आहे." कुठं, ते तो सांगत नाही. समोरच्यानं विचारलं तरच सांगतो.